ताईला उजेड

झोतबाईंनी गाडीच्या छपरातल्या दिव्याचं दुधी झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, तेव्हा पुढच्या सीटवर बसलेले भाऊजी असे कळवळले, जणू त्यांचीच दाढ कुणी उपटत होतं.

"फडकं गुंडाळा हो त्या स्क्रूड्रायव्हरला! ओरखडा उठेल."

"गुंडाळलंय, भाऊजी."

"मग हळू घ्या."

"हळूच घेतेय."

"मग कट्‌कन आवाज कसला आला?"

"झाकण निघाल्याचा. निघायलाच हवं होतं ते," झोतबाई म्हणाल्या आणि झाकण त्यांच्या मांडीवर टाकून मोकळ्या झाल्या. भाऊजींनी ते उजेडाकडे धरून सगळ्या बाजूंनी तपासलं. ओरखडा नव्हता. त्यामुळे ते थोडे नाराजच झाले असावेत.

उजेड म्हणजे तरी काय, तळघराच्या तोंडाशी येत होता तेवढाच. इमारतीच्या गाड्या तळघरात लागायच्या आणि तिथे भर दुपारीही मिट्ट काळोख असायचा. झोतबाईंना नेमकं हेच हवं होतं. रात्रीचा दिवा दुपारी लावून बघायचा तर याहून चांगली जागा कुठली? वरच्या मजल्यावर ताईचं शिवणयंत्र सकाळपासून धडधडत होतं. शेवटचा पडदा शिवून झाला की ताई, तिचे यजमान म्हणजे हे भाऊजी, आणि झोतबाई अशी तिघं निघणार होती. ताईची मुलगी, म्हणजे झोतबाईंची एकुलती एक भाची, उद्या सकाळी स्वतःचं पुस्तकांचं दुकान उघडत होती. दूरच्या शहरात, समुद्राच्या बाजूला. दुकानाचे सगळे पडदे आईने शिवलेले हवेत असा तिचा हट्ट होता, आणि आई तिथे उभी हवी हा त्याहून मोठा.

पडदे होत आले होते. अडलं होतं ते आईपाशी.

ताईला ऐकू येईनासं झालं त्याला आता काही वर्षं झाली. हळूहळू, पाणी आटावं तसा आवाज आटत गेला. कानात घालायची यंत्रं आणून झाली, ती नुसती शिट्ट्या मारायची. पण ताई कसली हार मानते? तिने आरशासमोर बसून ओठ वाचायचं शिकून घेतलं आणि इतकं पक्कं केलं, की शिवणाच्या वर्गात मागच्या बाकावर बायका कुजबुजल्या तर ती पुढून उत्तर द्यायची. दिवसाउजेडी ताईसमोर चहाडी करायची सोय उरली नव्हती. अंधारात मात्र सगळं संपायचं. समोरच्याचा चेहरा गेला, की माणूसच जायचं.

गेल्या थंडीत तिघं एका लग्नाहून परत येत होती. पुढे भाऊजी आणि झोतबाई, मागे ताई. बाहेर अंधारलं होतं, आतला दिवा कधीचाच मेलेला. वाटेत असं काही घडलं, की पुढच्या दोघांना हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोटं धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गाडी गदगदा हलू लागली तसं ताईला कळलं. "काय झालं?" तिने विचारलं. झोतबाई वळून सांगू लागल्या, पण ताईला दिसला तो चेहऱ्याच्या जागी एक काळा गोळा. "काय झालं गं?" तिने पुन्हा विचारलं. घरी पोचल्यावर, जिन्यातल्या दिव्याखाली, तिने तिसऱ्यांदा विचारलं. तोवर सगळे दमले होते. झोतबाई म्हणाल्या, "काही नाही गं, असंच."

त्या दिवसापासून ताईने संध्याकाळनंतर गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. भांडली नाही, रुसली नाही, फक्त "मी अंधारात कुठे येणार नाही" एवढं म्हणाली. मोबाइलवर टाइप करून दाखवावं, तर चालत्या गाडीत अक्षरं बघितली की तिला मळमळायचं. मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरून भाऊजी एकदा बोलायला गेले, तर ते असे भयंकर दिसले, की ताई म्हणाली, त्यापेक्षा अंधार बरा.

आता मात्र लेकीचा प्रश्न होता. पडदे आज दुपारशिवाय पुरे होणार नव्हते, म्हणजे अर्धा प्रवास अंधारात. तेव्हा झोतबाईंनी दोन्ही हातांनी ताईचा चेहरा आपल्याकडे वळवून सांगितलं होतं, "या वेळी गाडीत अंधार होणार नाही. माझा शब्द."

ताई म्हणाली, "बघ हं, बारके. दिवा चालला नाही, तर वाटेत जे गाव लागेल तिथे खोली घेऊन मी राहीन. तुम्ही जा पुढे."

ती तसं करेल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. म्हणजे उद्या दुकानाच्या दारात आईविना लेक.

आणि शब्द दिला होता कुणी? तर झोतबाईंनी. उभा जन्म नाटकांना प्रकाश देण्यात गेलेला. त्यांचं खरं नाव घरच्यांच्याही तोंडून गेलं होतं. नाटकवाल्यांनी ठेवलेलं झोतबाई हेच चिकटलं. फक्त ताईसाठी ती अजून बारकी होती, साठी उलटून गेली तरी. नाट्यगृहाच्या पार मागे, अंधाऱ्या खोक्यात बसून त्यांनी रंगमंचावर पहाटा उगवून आणल्या होत्या, घरं पेटवली होती, एका चिमुकल्या झोतात नायिकेला हजार माणसांसमोर रडवलं होतं. अशा बाईला गाडीतला एक करंगळीएवढा दिवा म्हणजे काय? किरकोळ. तासाभराचं काम, असं त्या सकाळी म्हणाल्या होत्या.

आता दुपार कलली होती आणि किरकोळ काम त्यांना पुरून उरत होतं.

पहिला नवा बल्ब बसवला तर तो लागेचना. "बल्बच खराब," भाऊजींनी निकाल दिला. झोतबाईंनी बल्ब काढला, उलटा केला, परत बसवला आणि गाडी लख्ख उजळली. या नव्या बल्बांना सुलटं-उलटं असतं, त्यांची दोन टोकं बदलली की ते रुसून बसतात. "लागला!" झोतबाई ओरडल्या आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच होता. तो वायरीच्या उघड्या टोकाला आणि छपराच्या पत्र्याला एकदमच शिवला. चट्‌कन ठिणगी उडाली आणि पुन्हा काळोख.

"घड्याळ गेलं!" भाऊजी किंचाळले. "माझं गाडीतलं घड्याळ पण गेलं!"

"फ्यूज गेला असेल. जास्तीचा असतो ना त्या डब्यात."

होता. भाऊजींच्या गाडीत जास्तीचं सगळं असायचं, फ्यूजपासून छत्रीपर्यंत. नवा फ्यूज बसला, घड्याळ बारा वाजवून लुकलुकू लागलं, दिवा लागला. भाऊजींनी स्टीअरिंग धरून समोर बघितलं आणि मान हलवली.

"मेहुणीबाई, हे नाही चालायचं. समोरच्या काचेत मला तुम्ही दिसताय."

"मग बिघडलं काय?"

"बिघडलं असं, की त्या तिथे खांब आहे, आणि तो मला दिसत नाहीये."

बरोबर होतं. छपराच्या मधोमध लागलेला दिवा सगळी गाडी धुऊन काढत होता आणि काचेचा आरसा करत होता. असा दिवा लावून रात्री गाडी हाकणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून हाकण्यासारखं. आणि इथेच झोतबाईंच्या अंगात खरं वारं शिरलं. कारण आता हा बल्बचा प्रश्न उरला नव्हता. आता हा प्रकाशाचा प्रश्न होता! एका जागी उजेड हवा, आणि बाकी कुठे म्हणून सांडता कामा नये. हे तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

त्या गुडघ्यांची तक्रार न ऐकता दोन जिने चढून वर गेल्या. ताई यंत्रावर वाकली होती. झोतबाईंनी तिच्या पायाशी पडलेला दोऱ्याचा रिकामा कोन उचलला. शिवणाच्या मोठ्या रिळांचा असतो ना, जाड पुठ्ठ्याचा, पोकळ, एका बाजूला निमुळता, तोच. शिवाय काळ्या अस्तराची एक चिंधी उचलली.

"काय चाललंय?" ताईने विचारलं.

"ताई, असा उजेड करते तुला, बघच!" झोतबाई तिच्यासमोर तोंड आणून म्हणाल्या.

ताईचे डोळे चमकले. तिने पटकन मान खाली घातली आणि यंत्र जोरात मारलं, पण तिला घाई झाली होती हे लपलं नाही. चार महिन्यांत लेकीला भेटली नव्हती ती.

खाली येऊन झोतबाईंनी मधला नवा बल्ब काढून कोनाच्या रुंद तोंडात बसवला, आतून काळं अस्तर चिकटवलं आणि निमुळत्या टोकाला आपल्या जुन्या पेटीतला पिवळसर पारदर्शक कागद लावला. नाटकात संध्याकाळ करायला वापरायच्या तो. पांढऱ्या उजेडात माणसं आजारी दिसतात, या पिवळ्यात ती आपली वाटतात. मग मागच्या उजव्या दाराच्या वर, हाताने धरायच्या मुठीशेजारी कोन चिकटवला. चिकटवला म्हणजे असा, की "छप्पर जाईल, हा जाणार नाही." मधल्या दिव्यातून वायर ओढून छपराच्या कापडाखालून सरकवत आणली आणि वाटेत एक छोटं बटण बसवलं. डाव्या खिडकीशी ताई बसायची, नेहमीचीच जागा तिची. तिथे तिच्याऐवजी शिवून झालेल्या पडद्यांचं गाठोडं ठेवलं आणि त्याच्यावर नेम धरला.

दिवा लागला. त्या गाठोड्याला असं काही रूप आलं, की आता ते उठून दोन वाक्यं बोलतंय असं वाटावं. आणि समोरची काच? कोरी करकरीत. भाऊजींना खांब दिसला, खांबावरचा आकडा दिसला, खांबामागचं मांजरसुद्धा दिसलं.

"वा! मेहुणीबाई, वा!" ते म्हणाले, खाली उतरले आणि त्यांनी दार लावलं.

दिवा गेला.

दार उघडलं, आला. लावलं, गेला. भाऊजींनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"याला दार उघडं लागतं," ते म्हणाले. "आता काय, दार उघडं ठेवून जायचं?"

झोतबाई डोकं धरून बसल्या, आणि मग डोकं धरूनच हसायला लागल्या. चूक सापडली होती. दाराच्या चौकटीत रबराचं एक बटण असतं; दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिव्याची परतीची वाट तुटते. त्यांनी आपली वायर नेमकी त्याच वाटेला जोडली होती. आता परतीची वायर सरळ गाडीच्या पत्र्यावर, एखाद्या स्क्रूखाली नेऊन कसायला हवी. दाराजवळच्या प्लास्टिकच्या पट्टीमागे तसा स्क्रू होता. वायर कसली, दार लावलं. दिवा लागून राहिला, पण भित्र्या माणसाच्या पापण्यांसारखा लुकलुकत.

"पत्र्यावर रंग आहे," झोतबाई हळूच म्हणाल्या. "रंगातून वीज नीट जात नाही. तेवढ्यापुरता... खरवडावा लागेल."

या गाडीचा रंग भाऊजी दर रविवारी स्वतः पुसायचे. कुणी बोटाने काचेवर नाव लिहिलं तरी त्यांना दोन दिवस जेवण जात नसे. झोतबाईंनी सँडपेपरचा तुकडा हातात घेतला आणि वाट बघितली.

"आणा इकडे," भाऊजी म्हणाले.

"मी करते ना."

"तुम्ही जास्त कराल." त्यांनी सँडपेपर घेतला, पट्टीमागे हात घातला आणि दुसरीकडे बघत खसाखसा घासलं. पत्रा रुपयासारखा चमकला. "झालं एवढ्यात? अजून घासू? चांगलं घासतो. मध्येच विझायला नको तिच्यासाठी."

झोतबाईंना त्या क्षणी हा माणूस फार आवडला. वायर कसली. दिवा ठाम. दार उघडा, लावा, आपटा, गाडी चालू करा, हॉर्न वाजवा, दिवा हलायचं नाव घेईना. भाऊजींनी आनंदाने वायपरही लावून बघितले, त्यांचा काही संबंध नव्हता तरी.

ताई खाली आली तेव्हा दोघं शाळकरी पोरांसारखी गाडीच्या दोन बाजूंना उभी होती. पडदे डिकीत गेले. ताईने कोनाकडे बघितलं, आपल्याच दोऱ्याचा कोन ओळखला, आणि बारकीच्या गालाला हात लावून ती आपल्या जागेवर बसली.

प्रवासाचा पहिला भाग नुसता गोंगाट होता. दोघी बहिणी मागे, उन्हं तिरपी, आणि ताईला सगळ्या जगाचं सगळं ऐकायचं होतं. भाचीचं दुकान कसं असेल, फळ्या कुणी केल्या, पडदे लांबीला कमी पडले तर काय, जास्त झाले तर काय. भाऊजी आरशातून बघून मध्येच बोलत आणि ताई आरशातले ओठ वाचून त्यांना उत्तर देई. झोतबाईंचं मात्र लक्ष आभाळाकडे होतं. इतक्या आतुरतेने त्यांनी आयुष्यात कधी सूर्य बुडायची वाट बघितली नव्हती. बुड की बाबा, बुड आता. नाटकाचा पडदा उघडायच्या आधी बसायच्या, तशा त्या बटणावर बोट ठेवून बसल्या होत्या.

शेवटी बुडाला. झाडं काळी झाली, रस्ता करडा झाला, ताईचं बोलणं हळूहळू कमी झालं. तिने हात पुढे करून झोतबाईंचा हात धरला. दोघींची अंधारातली जुनी खूण होती ती.

"आता!" भाऊजी पुढून म्हणाले.

झोतबाईंनी बटण दाबलं.

काय सांगावं! पिवळ्या मऊ उजेडाचं एक वर्तुळ ताईवर उतरलं, तिचे पिकलेले केस सोनेरी झाले, कपाळ, नाक, ओठ, गळ्यातला गोफ, सगळं जिथल्या तिथे उजळलं आणि बाकी गाडी काळीभोर राहिली. समोरची काच स्वच्छ. एक किरण सांडला नाही. इतका सुरेख झोत झोतबाईंनी कुठल्याही राणीला दिला नव्हता.

"अगंबाई!" ताई म्हणाली. शेजारच्या काचेत तिला तिचंच रूप दिसत होतं. "मी किती बरी दिसतेय!"

आणि झोतबाई सुटल्या. साठवून ठेवलेलं सगळं बाहेर पडू लागलं. फ्यूज कसा उडाला, घड्याळाने बारा कसे वाजवले, भाऊजींनी रंग कसा खरवडला, तोंड कसं फिरवलं होतं. हातवारे करून, आवाज काढून सांगितलं. ताई हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होती. झोतबाई अजून रंगात आल्या. ताई मान हलवतच होती. सारखी, एका लयीत.

झोतबाई मध्येच थांबल्या. तरी मान हललीच.

ही मान त्या ओळखत होत्या. लग्नाकार्यात, दवाखान्यात, बँकेत, काही कळलं नाही की ताई अशी मान हलवायची, समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून.

"बारके," ताई हळू आवाजात म्हणाली, "उजेड फार सुंदर केलास गं. पण यात मी सगळ्यांना दिसते. मला कुणी दिसत नाही."

झोतबाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दुपारपासून त्या आणि भाऊजी एकच घोकत होते, ताईला उजेड हवा, ताईला उजेड हवा. आणि त्यांनी काय केलं? ताईला उजेड दिला! तिच्या अंगावर नेऊन ओतला. जन्मभराची खोड, जी महत्त्वाची तिच्यावर झोत मारायचा. नाटक असतं तर बरोबरच होतं ते, तिथे नायिकेला लोकांनी बघायचं असतं. पण इथे नायिकेलाच लोकांना बघायचं होतं. बिचाऱ्या गाठोड्याला कुणाचे ओठ वाचायचे नव्हते, म्हणून ते काही बोललं नाही.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"माती खाल्ली मी, भाऊजी! गाडी बाजूला घ्या!"

गाडी थांबली. झोतबाई गुडघ्यांवर उभ्या राहून कोन फिरवायला लागल्या. कोन कसला फिरतोय? छप्पर जाईल पण हा जाणार नाही, हे त्यांनीच म्हटलं होतं. त्यांनी ओढला, पिळला, तसं छपराचं कापड कुरकुरलं आणि भाऊजींच्या घशातून एक बारीक आवाज आला, पण या वेळी ते एवढंच म्हणाले, "फाटलं तर फाटू दे. ओढा." कोन हलला नाही. रस्त्याच्या पुढच्या वळणावर एका गावाचे दिवे दिसत होते. झोतबाईंना ते दिसले आणि त्यांनी आणखी जोरात ओढलं. तिथे खोल्या मिळत असणार. ताई तिथे उतरणार आणि उद्या भाची दारात उभी राहून गाडीतून उतरणाऱ्या दोघांनाच बघणार.

"बारके."

झोतबाई ओढतच होत्या.

"अगं ए वेडे! सोड तो कोन. उठ आणि इकडे ये." ताई आपल्या जागेवरून उठायलाही लागली होती. "दिवा हलत नसेल तर माणसं हलू दे की. मी तुझ्या जागेवर बसते."

मग त्या अरुंद जागेत दोन साठी उलटलेल्या बायकांची जी काही फुगडी झाली! एकीचा पाय दुसरीच्या पदरात, कुणाचं कोपर कुणाच्या चष्म्याला. खाली उतरून बदलावी जागा, हे दोघींना सुचलंच नाही. शेवटी ताई कोनाखाली अंधारात बसली आणि झोतबाई धाप टाकत डाव्या खिडकीशी आदळल्या, थेट झोतात.

गाडी सुरू झाली. ताई टक लावून बघत होती.

"हं," ती म्हणाली. "बोल आता."

आणि झोतबाईंना शब्द फुटेना. सबंध जन्म अंधारात बसून दुसऱ्यांना उजळलेलं. आपल्यावर कधी दिवा पडलेला नाही, फोटो काढतानाही त्या मागच्या रांगेत. आता डोळे दिपले, कान तापले, हात कुठे ठेवावेत कळेना. समोर एकच प्रेक्षक, तीही सख्खी बहीण.

"काय बोलू?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"दिसलं!" ताई केवढ्याने ओरडली. भाऊजींनी दचकून ब्रेक मारला. "काय बोलू म्हणालीस! दिसलं मला! अहो, दिसलं!" तिने मांडीवर थापा मारल्या. मग पुढे वाकली. "मी सांगते काय बोलायचं. त्या दिवशी लग्नाहून येताना तुम्ही दोघं कशाला हसत होता?"

भाऊजींचे डोळे आरशात वर आले.

"काही..." झोतबाई म्हणू लागल्या.

"'असंच' म्हणू नकोस. 'असंच' म्हणालीस तर मी या गावात उतरेन. मला हसत होता का?"

म्हणजे हे होतं तर. इतके महिने ती हे घेऊन बसली होती. झोतबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि उजेडात ते लपवायचीही सोय नव्हती.

"नाही गं, ताई! तुला कशाला हसू?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले, चेहरा नीट झोतात धरला आणि एकेक शब्द सुटा करून सांगायला लागल्या. "त्या रात्री रस्ता चुकलो होतो आपण. आठवतं, गाडी थांबली होती? शेताच्या कडेला एक माणूस उभा होता. भाऊजींनी काच खाली केली. म्हणाले, नमस्कार दादा, हमरस्त्याला कसं जायचं? तो काही बोलेना. भाऊजींनी परत विचारलं. तो गप्प. भाऊजी चिडले. म्हणाले, सांगायचं नसेल तर नाही म्हणा, पण असं तोंड वर करून काय बघता? मग त्याच्यावर दिवे टाकले."

"मग?"

"बुजगावणं होतं, ताई."

ताईचं तोंड उघडंच राहिलं.

"त्याने टोपी घातली होती!" भाऊजी पुढून कळवळून म्हणाले. "आणि एक हात वर केला होता, रस्ता दाखवतात तसा!"

"काय म्हणतायत?" ताईने विचारलं, आणि झोतबाईंनी उजेडात हात वर करून, तोंड वासून, बुजगावणं करून दाखवलं.

आधी ताईच्या पोटातून एक हुंकार आला. मग खांदे हलले. मग ती जी हसत सुटली, ती गेल्या थंडीपासूनचं सगळं राहिलेलं हसू एकदम हसली. हसता हसता तिने झोतबाईंच्या मांडीवर डोकं टेकलं, उठली, त्यांचा चेहरा बघितला आणि पुन्हा कोसळली. झोतबाई हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही एकदमच चाललं होतं. भाऊजींना समोरचं धूसर दिसू लागलं म्हणून त्यांनी गाडी हळू केली. गदगदा हलणारी ती गाडी गावातल्या खोल्यांच्या पाटीसमोरून पुढे निघून गेली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"पुन्हा सांग," ताई म्हणाली. "नमस्कार दादापासून."

झोतबाईंनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून होईतो रस्ता दोन बाजूंना फुटला आणि कुठली बाजू समुद्राची ते भाऊजींना कळेना. पुढे अंधारात, रस्त्याच्या कडेला कुणीतरी उभं होतं. भाऊजींनी गाडी त्याच्याशेजारी नेली आणि काच खाली केली.

मागच्या अंधारातून ताईचा आवाज खणखणीत आला.

"अहो, नमस्कार नंतर करा! आधी तो हलतोय का ते बघा!"